सरोवराचं चित्र पाहताना आधी पाणी पाहा

मागच्या अंकात मधल्या पानावर कोनराड विट्स या चित्रकाराचं 1444 सालचं सरोवरचित्र छापलं होतं: डावीकडे जाळं ओढणारे कोळी, पाण्यात उतरलेला येशूचा शिष्य पेत्र, उजवीकडे काठाशी लाल वस्त्रातला येशू आणि मागे शेतं नि डोंगर. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातून पत्रं आली. बरेच प्रश्न एकमेकांत मिसळणारे होते, ते एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न: चित्र वर्गात भिंतीवर लावलं. मुलं म्हणाली, "मासे धरतायत," आणि विषय संपला. यापुढे त्यांना काय दाखवायचं? या चित्राला एवढं महत्त्व तरी का?
(चित्रकला शिक्षक, खानापूर तालुका)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. प्रसंग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 21व्या अध्यायातला आहे. पुनरुत्थानानंतर, म्हणजे मरणातून पुन्हा उठल्यावर, येशू तिबिर्य समुद्राच्या (हे खरं तर गालीलचं सरोवर) काठी उभा राहतो, रात्रभर हात हलवत बसलेल्या शिष्यांना जाळं टाकायला सांगतो, जाळ्यात 153 मासे येतात आणि "हा प्रभू आहे" असं दुसऱ्या शिष्याने सांगताच पेत्र पाण्यात उडी घेतो. म्हणजे जागा पॅलेस्टाईनमधली. विट्सने मात्र ती घटना जिनिव्हा सरोवरात मांडली आहे. हे चित्र जिनिव्हाच्या सेंट पीटर कॅथीड्रलमधल्या वेदीसाठी होतं आणि मागे दिसतात ते त्याच शहराच्या समोरचे डोंगर. मधला टोकदार डोंगर मोल, उजवीकडचा खडकाळ कडा प्ती सालेव्ह, डावीकडची लांब रांग व्हुआराँ आणि त्यांच्याही मागे बर्फाच्छादित आल्प्स. जिनिव्हातला माणूस आजही हे चित्र पाहून "आपलाच काठ" म्हणतो. खरं, ओळखता येणारं ठिकाण निरीक्षण करून रंगवलेल्या युरोपीय चित्रांत हे अगदी सुरुवातीचं मानलं जातं. त्याआधी डोंगर म्हणजे ठरीव साच्याचा दगडी ढीग काढायची रीत होती. चित्र आज जिनिव्हाच्या कला आणि इतिहास संग्रहालयात आहे.

आता वर्गाचं. मुलं "मासे धरतायत" म्हणून थांबतात, कारण त्यांची नजर माणसांवर जाते आणि गोष्ट कळली की परत फिरते. म्हणून माणसं शेवटी ठेवा. चाळीस मिनिटांच्या तासात असं करून पाहा. एक कोरा कागद घेऊन छापील चित्राचा वरचा अर्धा भाग झाका. येशू आणि नावेतली माणसं थोडी दिसली तरी चालेल, पण डोंगर दिसता कामा नयेत. मग एकच प्रश्न विचारा: पाण्याच्या आतलं काय काय दिसतं? मुलं जवळ येतील. चित्राच्या तळाशी, आपल्या पायाशी यावं तिथे, पाण्याखालचे दगड स्वच्छ दिसतात. पाण्यावर बुडबुडे आहेत. पेत्राचे पाय पाण्यात शिरल्यावर वेगळे दिसतात. नजर थोडी वर नेली की तळ दिसेनासा होतो आणि त्याच्या जागी नावेचं, माणसांचं प्रतिबिंब येतं. आणखी वर गेलं की पाणी नुसतं उजळ, सपाट होतं. एकाच सरोवराच्या पाण्याचे हे तीन पट्टे विट्सने वेगवेगळे रंगवले आहेत, आणि चित्र जवळून शिकायचं ते इथेच.

यामागचं कारण मुलांना नेमक्या आकड्यांत सांगा, त्यांना ते आवडतं. पाण्याकडे सरळ वरून पाहिलं तर पृष्ठभाग जेमतेम 2 टक्के प्रकाश परत फेकतो, बाकीचा आत जातो. म्हणून तळ दिसतो. उभ्या रेषेपासून 60 अंशांनी तिरकं पाहिलं तर परतणारा प्रकाश 6 टक्के, 80 अंशांवर सुमारे 35 टक्के आणि अगदी पाण्याला समांतर पाहिलं तर जवळपास सगळा. काठावर उभा असलेला माणूस पायाशी खाली पाहतो आणि समोर तिरका पाहतो. म्हणून जवळ तळ, मध्ये प्रतिबिंब, दूर आकाश. ही टक्केवारी विट्सच्या काळात कुणाला ठाऊक नव्हती. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं, म्हणून ते चित्रात आलं.

पायांचं प्रात्यक्षिक शाळेतच होतं. प्लास्टिकच्या खोल पारदर्शक डब्यात किंवा बादलीत पाणी भरा आणि मोजपट्टी उभी धरा. वरून सरळ पाहिलं की 40 सेंटिमीटर बुडालेली पट्टी 30 सेंटिमीटर भासते, कारण पाण्यातली खोली तीन चतुर्थांश दिसते. तिरकं पाहिलं तर आणखी कमी. पट्टी तिरकी धरली तर पृष्ठभागापाशी तिला वळण पडतं आणि पाण्यातला भाग वर उचलल्यासारखा वाटतो. विद्यार्थ्यांच्या चित्रांत पाण्यात उभा असलेला माणूस अनेकदा पाण्यात खोचल्यासारखा दिसतो. पाय आधी पूर्ण काढले जातात आणि मग त्यावर निळा रंग ओढला जातो, म्हणून ही चूक होते. पाण्यातला भाग आखूड, किंचित सरकलेला आणि कडा मऊ असा वेगळाच काढावा लागतो.

तीन पट्टे झाले की कागद उचला आणि दुसरा काठ दाखवा. तिथे कपडे धुणाऱ्या बायका आहेत, नेमबाजी करणारे आहेत, चरणारी जनावरं आहेत, कुंपण घातलेली शेतं आहेत, घोडेस्वारांची एक तुकडी आहे. एवढं सगळं अंगठ्याएवढ्या जागेत मावलं आहे. प्रत्येक मुलाला एकेक आकृती शोधायला लावा. मग शेवटी माणसांकडे या आणि विचारा, पेत्र किती वेळा आहे? दोनदा. एकदा नावेत जाळं ओढताना, एकदा पाण्यात हात पसरून. एकाच चौकटीत आधीचा आणि नंतरचा क्षण दाखवायची ही रीत आपल्याकडच्या पोथीचित्रांत आणि देवळांच्या भिंतींवरही सापडते, त्यामुळे आपल्या मुलांना ती परकी वाटत नाही.

पट्टी लावून एक गोष्ट जरूर पाहा. येशूच्या आकृतीचा उभा अक्ष वर नेला की तो मोल डोंगराकडे जातो. सगळ्या चित्रात तीच एक ठाम उभी आकृती आहे. बाकी नाव, काठ, शेतं आडवी पसरली आहेत. भक्तिप्रसंगाला वजन द्यायचं म्हणून खऱ्या भूगोलाचा उपयोग करून घेतला आहे.

प्रश्न: प्रतिबिंब म्हणजे उलटं चित्रच ना? मग कित्येक सरोवरचित्रांत काठावरचं घर दिसतं, पण पाण्यात ते दिसत नाही किंवा अर्धंच दिसतं. चित्रकार विसरतो की आम्हाला पाहता येत नाही?
(वाचक, निपाणी)

बहुतेक वेळा चित्रकार बरोबर असतो. प्रतिबिंब हे चित्राची उलटी प्रत नसतं. तुमचे डोळे पाण्याच्या जितके वर आहेत, तितकेच पाण्याखाली उतरून तिथून वर पाहिल्यावर जे दृश्य दिसेल, ते प्रतिबिंबात असतं. म्हणून नावेचा कठडा प्रत्यक्षात वरून दिसतो आणि प्रतिबिंबात तिची खालची बाजू दिसते. पुलाचंही तसंच. वर उभं राहून न दिसणारा कमानीचा आतला भाग पाण्यात दिसतो.

घर गायब का होतं ते हिशेबाने पाहा. समजा तुम्ही पाण्यालगत उभे आहात आणि डोळे पाण्यापासून दीड मीटर उंच आहेत. समोर 50 मीटरवर तळ्याचा बांध आहे, पाण्यापासून 2 मीटर उंच, सरळ उभ्या भिंतीचा. त्या बांधाच्या मागे 100 मीटरवर, बांधाच्याच पातळीवर, 6 मीटर उंचीचं घर आहे. म्हणजे घराचं छप्पर पाण्यापासून 8 मीटर उंच. प्रत्यक्षात तुम्हाला त्या घराचा तळाचा साधारण 1 मीटर भाग बांधामागे लपलेला दिसेल, बाकी सगळं घर दिसेल. प्रतिबिंबात मात्र बांधाच्या डोक्यावरून जाणारी नजर घराच्या जागी पोहोचेपर्यंत 9 मीटर उंचीवर गेलेली असते. छप्पर 8 मीटरवर संपलं. म्हणजे प्रतिबिंबात घर मुळीच दिसणार नाही! तेच घर बांधामागे फक्त 10 मीटरवर असतं तर त्याचा तळाचा 70 सेंटिमीटर भाग तेवढा लपला असता.

यावरून पाहायचे नियम निघतात. पाण्याच्या अगदी कडेला उभ्या वस्तूचं प्रतिबिंब जवळजवळ पूर्ण लांबीचं असतं. ती जितकी मागे, तितकं तिचं प्रतिबिंब वरून उरलेलं, आखूड. वस्तूचं टोक आणि त्याचं प्रतिबिंब नेहमी एकाच उभ्या रेषेत येतं, इकडेतिकडे सरकत नाही. पट्टी लावून हे कुठल्याही चित्रात तपासता येतं. आणि रंगाचं: उजळ वस्तू पाण्यात किंचित गडद होते, गडद वस्तू किंचित उजळते. दोन्ही सारख्याच तीव्रतेने काढले की पाणी काचेसारखं कडक दिसतं.

बेळगावात किल्ला तलावापाशी हे पाहायला सोपं आहे. सकाळी लवकर, वारा उठायच्या आत जा. तिथला उंच ध्वजस्तंभ आणि काठची झाडं एकत्र पाहा. आधी उभं राहून, मग पायऱ्यांवर किंवा कठड्यापाशी बसून. बसल्यावर डोळे पाण्याच्या जवळ येतात आणि मागच्या वस्तूंचा पाण्यातला भाग वाढतो. आठ-नऊनंतर पाण्यावर बारीक लाटा उठल्या की प्रतिबिंबं उभी ताणली जातात. ध्वजस्तंभासारखी उभी रेष लांबत जाते आणि आडव्या कडा मात्र मोडून जातात. यामुळे विद्यार्थ्यांनी प्रतिबिंबात आडव्या लाटांच्या रेषा भरमसाट मारू नयेत. आधी उभे डाग टाकावेत, मग मोजक्या आडव्या रेषांनी ते तोडावेत, आणि या रेषा जवळ रुंद, दूर बारीक नि दाट असाव्यात. सगळीकडे एकाच मापाच्या लाटा काढल्या की सरोवर भिंतीसारखं उभं राहतं. लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या निसर्गचित्रांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

गढूळ पाण्याचा नियम वेगळा. पावसाळ्यात मार्कंडेय किंवा मलप्रभेला लाल पाणी येतं तेव्हा झाडांची सावली पाण्यावर चक्क पडलेली दिसते, कारण पाण्यातल्या मातीच्या कणांवर ती उमटते. हिवाळ्यातल्या स्वच्छ, खोल पाण्यावर सावली जवळजवळ उमटत नाही, तिथे प्रतिबिंबच दिसतं. चित्रात सावली आणि प्रतिबिंब दोन्ही गडद असतील तर ते पाणी गढूळ असायला हवं. पाणी निळंशार आणि सावलीही ठसठशीत असेल तर कुठेतरी निरीक्षण कमी पडलं आहे.

प्रश्न: छापलेल्या चित्रात चेहरे थोडे वेगळे, जरा नवे वाटतात. शिवाय जुन्या पुस्तकातला रंग आणि तुमच्या अंकातला रंग यांत फरक आहे. कोणता खरा?
(वाचक, शहापूर, बेळगाव)

चेहऱ्यांबद्दलची तुमची नजर चांगली आहे. 1535 मध्ये जिनिव्हात मूर्तिपूजेला विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या लाटेत चर्चमधली चित्रं नि मूर्ती फोडल्या गेल्या. या वेदीवरच्या चित्रफलकाचा मधला भाग गेला तो गेलाच, आणि वाचलेल्या पंखांवरचे (बाजूच्या, दारासारख्या उघडणाऱ्या फळ्यांवरचे) चेहरे खरवडले गेले. आज दिसणारे चेहरे त्यामुळे दुरुस्त केलेले आहेत. चित्राचा अभ्यास करताना चेहऱ्यावरच्या भावांवरून विट्सबद्दल फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पाणी, डोंगर, वस्त्रांच्या चुण्या यांवर भर द्यावा.

रंगाचं कारण वेगळं. 2011-12 मध्ये चित्राचं संवर्धन झालं आणि जुनी पुनर्रंगणी (मूळ रंगावर नंतर चढवलेला रंग) काढली गेली. त्यामुळे त्याआधीचे फोटो आणि नंतरचे फोटो वेगळे दिसतात. जुन्या पुस्तकांत पिवळी झाक असेल तर त्यात जुन्या वार्निशचाही हात असू शकतो. वार्निश पिवळं पडलं की निळा रंग हिरवट होतो आणि पांढरा पिवळसर होतो. नव्या फोटोवर विश्वास ठेवा, पण छपाईचा म्हणून काही फरक राहणारच. एक साधी चाचणी: एकाच चित्राच्या तीन वेगवेगळ्या प्रती शेजारी ठेवा आणि त्यांत बर्फाचा डोंगर पाहा. तो सर्वांत कमी रंगलेला असेल त्या प्रतीचे बाकीचे रंगही साधारण विश्वासाचे.

आकाराचंही लक्षात ठेवा. मूळ चित्र सुमारे 1.3 मीटर उंच आणि दीड मीटर रुंद आहे. ए-थ्री कागदावरची छपाई 42 सेंटिमीटर रुंद, म्हणजे मूळच्या पाव हिश्श्याहून थोडी जास्त. संग्रहालयात 2 मीटरवरून चित्र जेवढं दिसतं, तेवढं दिसायला ही छपाई डोळ्यांपासून 55 सेंटिमीटरवर धरावी लागते. भिंतीवर दोन मीटर लांब टांगली तर पलीकडच्या काठावरची बाई कपडे धुते आहे की काय करते आहे, हे कधीच कळणार नाही.

प्रश्न: एका कॅलेंडरवर फिनलंडच्या सरोवराचं चित्र आहे. माणूस नाही, नाव नाही, पाण्यावर नुसत्या राखाडी नागमोडी पट्ट्या. यात बघायचं काय?
(वाचक, चिक्कोडी)

वर्णनावरून ते फिनलंडचे चित्रकार आक्सेली गॅलेन-कल्लेला यांचं 'केईतेले सरोवर' असावं. 1905 साली त्यांनी या विषयाच्या चार आवृत्त्या केल्या. त्यांतली एक लंडनच्या नॅशनल गॅलरीने 1999 मध्ये घेतली. ती 53 बाय 66 सेंटिमीटरची, म्हणजे टेबलावर मावेल अशी. विट्सच्या चित्रानंतर 461 वर्षांनी, पण प्रश्न तोच: पाणी कसं दाखवायचं?

पट्ट्यांकडे हवामान समजून पाहा. वारा सरोवरावर सगळीकडे सारखा लागत नाही. जिथे लागतो तिथे पाण्याला बारीक सुरकुत्या येतात आणि प्रत्येक सुरकुतीचा उतार आपल्याकडे थोडा वळतो. त्यामुळे तो भाग क्षितिजाजवळचं काही न दाखवता वरचं आकाश दाखवतो. शांत राहिलेला भाग समोरच्या झाडीचं गडद प्रतिबिंब दाखवत राहतो. म्हणून झाडीच्या काळसर प्रतिबिंबावर वाऱ्याचा पट्टा चंदेरी उमटतो. हिडकलच्या जलाशयावर वाऱ्याचा पहिला झोत फिरतो तेव्हा हेच दिसतं. फिनलंडच्या लोकांना मात्र त्या पट्ट्यांत 'कालेवाला' या त्यांच्या महाकाव्यातल्या वैनामोइनेन या नायकाच्या नावेने पाण्यावर काढलेली रेघ दिसते. दोन्ही वाचनं एकत्र चालतात.

यात क्षितिज फार वर ठेवलं आहे, म्हणून चित्राचा बहुतेक भाग पाणीच. ही निवड धाडसाची. तुम्ही स्वतः स्केच करून पाहा: एकदा क्षितिज कागदाच्या मध्यावर, एकदा वरच्या पाव भागात. दुसऱ्यात पाणी तुमच्या पायाशी येतं आणि सजावटीची नक्षी बनू लागतं. माणूस नसल्याचं कारण त्यातच आहे.

प्रश्न: असं काही जवळपास प्रत्यक्ष पाहायला मिळेल का?
(दोन वाचक, बेळगाव आणि निपाणी)

मिळेल, आणि तेही आपल्या मातीतलं. कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तळ्याच्या परिसराची निसर्गचित्रं केली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार झाले आणि 1931 मध्ये त्यांचं निधन झालं. युरोपीय पद्धतीने प्रकाश नि हवा पाहणं आणि आपल्याकडचं ऊन, धूळ, हिरवा रंग यांचा मेळ घालणाऱ्या आपल्या भागातल्या पहिल्या चित्रकारांत त्यांचं नाव घ्यावं लागतं. कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची कामं पाहता येतात. निपाणीहून तासाभराचा रस्ता आहे. तिथे गेलात की वर सांगितलेली कागद झाकायची युक्ती तळहाताने करा, चित्रापासून एक हात अंतर ठेवून. आधी पाण्याचा भाग, मग काठ, मग आकाश. आणि त्याच दिवशी कोटितीर्थावरही जा.

प्रश्न: छापील चित्र फ्रेम करून लावलं तर आमच्याकडे पावसाळ्यात बुरशीचे ठिपके येतात. काय करावं?
(वाचक, खानापूर)

खानापूर भागातला पाऊस पाहता हे होणारच. काचेला कागद टेकला की दमट हवेत तो तिथे चिकटतो आणि पहिले ठिपके तिथेच येतात. फ्रेमवाल्याला चित्राभोवती किमान 2 मिलिमीटर जाडीचा माउंट (मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठा) टाकायला सांगा, म्हणजे काच आणि कागद यांत फट राहते. मागे प्लायवूड थेट लावू नका, मध्ये आम्लरहित पुठ्ठा घाला. लाकडातलं आम्ल कागदाला पिवळा करतं. मागून कागदी टेपने सांधे बंद करा, म्हणजे धूळ नि किडे आत जात नाहीत. प्लास्टिकने पूर्ण सीलबंद करू नका, आत अडकलेला ओलावा बाहेर पडणार नाही. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांत बोटभर हवा खेळते. पश्चिमेकडच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर चित्र टांगू नका, स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवरही नको. जूनच्या सुरुवातीला एकदा आणि गणपतीच्या आसपास एकदा फ्रेम उतरवून मागची बाजू पाहा. ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका, त्याने बुरशी पसरते. चित्र बाहेर काढून सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि मग नाकातोंडावर फडकं बांधून मऊ कोरड्या ब्रशने, घराबाहेर, हलकेच झाडा.